सरकारी दौरे, चहापान आणि परिषदा : हा खर्च वाचायचा कसा?

मार्च 2018 मध्ये महाराष्ट्रात चहाचे कप मोजले गेले. मुंबई काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष संजय निरुपम यांनी माहिती अधिकारातून आलेले आकडे पत्रकारांपुढे ठेवले. मुख्यमंत्री कार्यालयाचा चहापानाचा खर्च 2015-16 मध्ये सुमारे 58 लाख रुपये होता, पुढच्या वर्षी तो 1 कोटी 20 लाखांवर गेला आणि 2017-18 मध्ये 3 कोटी 34 लाखांवर. शेवटच्या आकड्याला 365 ने भागलं की दिवसाला 91 हजार रुपयांच्या वर पडतात. कप पाच रुपयांचा धरला तर रोजचे अठरा हजार कप होतात. एवढा चहा पितं कोण, हा प्रश्न सगळीकडे फिरला. मुख्यमंत्री कार्यालयाचं उत्तर आलं की हा खर्च नुसत्या चहाचा नाही. भेटायला येणारे लोक, शिष्टमंडळं, बैठका, पाहुण्यांचं खानपान असं सगळं त्यात धरलेलं आहे. विषय तिथेच विरला.

पाच वर्षांनी, फेब्रुवारी 2023 मध्ये, तोच खेळ पुन्हा झाला. तेव्हाचे विरोधी पक्षनेते अजित पवार यांनी वर्षा बंगल्याचं चार महिन्यांचं खानपानाचं बिल 2 कोटी 38 लाख रुपये झाल्याचा मुद्दा काढला. सरकार वेगळं होतं, आरोप करणारा पक्ष वेगळा होता, उत्तर मात्र त्याच वळणाचं होतं: राज्यभरातून लोक भेटायला येतात, त्यांना चहापाणी द्यायचं नाही का?

आरोपातला आकडा खरा धरला आणि सरकारचं उत्तरही खरं धरलं, तरी आपल्याला काय कळलं? किती माणसं आली, कुठल्या बैठकीला आली, ताटाचा दर किती ठरला होता, पुरवठ्याचं काम कुणाला आणि कसं दिलं गेलं, यातलं एकही उत्तर त्या गदारोळातून हाती लागलं नाही. प्रवास, आदरातिथ्य आणि परिषदा या तिन्ही सरकारी खर्चांचं दुखणं माझ्या मते हेच आहे. वर्षाची बेरीज बाहेर येते, पण तिच्या आतली एकेक फेरी आणि एकेक बैठक बाहेर येत नाही. बेरजेवरून उधळपट्टी सिद्ध होत नाही आणि काटकसरही होत नाही. म्हणून ही बेरीज बनते कशी, ते आधी समजून घेऊ.

एका पानावरचे रकाने

राज्याच्या अर्थसंकल्पाची जाड पुस्तकं उघडली की प्रत्येक योजनेखाली, प्रत्येक कार्यालयाखाली आकड्यांची एक उतरंड दिसते. सगळ्यात खालच्या पायरीला उद्दिष्ट शीर्ष म्हणतात. पैसा शेवटी कशावर गेला, ते हे शीर्ष सांगतं. महाराष्ट्रात 01 म्हणजे वेतन, 11 म्हणजे देशांतर्गत प्रवास खर्च, 12 म्हणजे विदेश प्रवास खर्च, 13 म्हणजे कार्यालयीन खर्च, 20 म्हणजे इतर प्रशासकीय खर्च, 24 म्हणजे पेट्रोल, तेल व वंगण, 50 म्हणजे इतर खर्च, 51 म्हणजे मोटार वाहने.

या यादीत प्रवासाला दोन रकाने आहेत, पण प्रवासाचा सगळा खर्च त्यांत येत नाही. अधिकारी सरकारी गाडीने तालुक्याला गेला तर डिझेल 24 मध्ये पडतं. गाडीची खरेदी 51 मध्ये जाते. गाडी भाड्याने लावलेली असेल तर ती आणखी तिसरीकडे. म्हणजे "आमच्या खात्याचा प्रवास खर्च घटला" असं कुणी सांगितलं, तर एवढंच कळतं की 11 मधली रक्कम घटली. माणसं कमी फिरली की एस.टी. आणि रेल्वे सोडून भाड्याच्या गाडीने फिरली, हे त्यातून समजत नाही.

आदरातिथ्याचं तर विचारूच नका. बहुतेक खात्यांच्या पानावर त्याला स्वतःचा असा रकानाच नसतो. बैठकीतला चहा-बिस्कीट कार्यालयीन खर्चात जातो, जिथे शाई, कागद, झेरॉक्स आणि कूलरच्या दुरुस्तीचीही बिलं असतात. मोठा कार्यक्रम असेल तर मंडप, खुर्च्या, ध्वनिक्षेपक आणि जेवणावळी इतर प्रशासकीय खर्चात किंवा थेट योजनेच्या पैशात बसवल्या जातात. परिषदेचंही तसंच. "परिषद" नावाचा रकाना शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. परिषद झाली हे वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून कळतं, आणि ती जाहिरात पुन्हा 26 मध्ये, जाहिरात व प्रसिद्धीच्या नावाखाली, वेगळी टाकलेली असते.

यात लबाडी आहेच असं नाही. ही रचना लेखापालाच्या सोयीची आहे. पैसा कशावर खर्ची पडला, हे तिला सांगायचं असतं. कुठल्या प्रसंगासाठी खर्ची पडला, हे विचारण्यासाठी ती कधी बनलीच नव्हती. आणि आपल्याला जाणून घ्यायचा असतो तो नेमका प्रसंग.

नागपूरला सरकार जातं तेव्हा

याचं सगळ्यात मोठं उदाहरण दर डिसेंबरात आपल्यासमोर घडतं. 1953 च्या नागपूर कराराने ठरलं की विदर्भ नव्या राज्यात येईल आणि सरकार दरवर्षी काही काळ नागपूरला मुक्काम हलवून विधिमंडळाचं एक अधिवेशन तिथे भरवेल. 1960 मध्ये राज्य झालं, तेव्हापासून हिवाळी अधिवेशन हा महाराष्ट्र सरकारचा सगळ्यात मोठा सामूहिक दौरा आहे. मंत्रालयातल्या फायली पेट्यांत भरून ट्रकने निघतात. मुख्यमंत्री रामगिरीवर उतरतात, उपमुख्यमंत्री देवगिरीवर, मंत्री रविभवन आणि नागभवनात, आमदार आमदार निवासात, आणि कर्मचारी 160 खोल्यांच्या गाळ्यांत. हैदराबाद हाऊसमध्ये मुख्यमंत्री सचिवालय थाटलं जातं. हिवाळा तोंडावर आला की या सगळ्या वास्तूंची रंगरंगोटी, गाद्या, गिझर, नळ यांची कामं सुरू होतात.

आता एक प्रश्न विचारून बघा: या अधिवेशनाचा खर्च किती? रंगरंगोटी आणि दुरुस्ती सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आहे. कर्मचाऱ्यांचे प्रवास भत्ते आणि दैनिक भत्ते ज्याच्या त्याच्या विभागाकडे. आमदारांचे भत्ते विधिमंडळ सचिवालयाकडे. बाहेरच्या जिल्ह्यांतून बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांचा खर्च गृह विभागाकडे. घरातल्या लग्नाचा खर्च विचारला आणि प्रत्येक काकाने फक्त आपापल्या खिशातलं सांगितलं, तर आकडा जसा लागत नाही, तसंच इथे होतं. दरवर्षी अधिवेशनाच्या खर्चाचे वेगवेगळे आकडे छापून येतात आणि एकाचा दुसऱ्याशी मेळ बसत नाही, त्यामागे हेच कारण असतं. प्रत्येकाने वेगळे रकाने जोडलेले असतात.

अधिवेशन नागपूरला होऊ नये असं मी म्हणत नाही. तो करार आहे, विदर्भाला दिलेला शब्द आहे आणि तो पाळला पाहिजे. तिथे प्रश्न किती मांडले गेले आणि किती दिवस कामकाज चाललं, यावर त्या खर्चाचं मोल ठरतं. पण त्यासाठी आधी खर्च एका जागी दिसायला हवा.

जी-20 च्या वेळी हाच घोळ देशपातळीवर झाला. 2023-24 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारताच्या अध्यक्षपदासाठी 990 कोटी रुपये ठेवले होते. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीची शिखर परिषद झाली आणि 4,100 कोटींहून जास्त खर्च झाल्याचा आकडा फिरू लागला. तरतुदीच्या चौपट उधळपट्टी, असा त्याचा अर्थ लावला गेला. सरकारने खुलासा केला की त्यातला मोठा भाग कायमस्वरूपी बांधकामाचा आहे, ते काही त्या दोन दिवसांपुरतं नव्हतं. इथे वाद पैशाचा कमी आणि हद्दीचा जास्त होता. परिषदेचा खर्च कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो? सभागृह बांधलं तर ते परिषदेच्या नावावर लावायचं का? रस्त्याकडेच्या भिंती रंगवल्या, कुंड्या ठेवल्या, त्या कुणाच्या नावावर? पुणे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरमध्ये त्या वर्षी बैठका झाल्या, तेव्हा रातोरात चकाचक झालेले रस्ते आपण पाहिलेत. ती बिलं बव्हंशी स्थानिक संस्थांच्या वहीत आहेत, परराष्ट्र मंत्रालयाच्या नाही.

सोळा डॉलरचं मफिन

आरोप करणाऱ्यांनीही जपून राहायला हवं, हे सांगणारं एक अमेरिकी प्रकरण इथे आठवतं. 2011 च्या सप्टेंबरमध्ये तिथल्या न्याय खात्याच्या महानिरीक्षकांनी, म्हणजे खात्यातल्या अंतर्गत तपासनिसांनी, परिषदांच्या खर्चावर अहवाल दिला. त्यात वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात झालेल्या प्रशिक्षणाच्या बिलावरून एकेक मफिन 16 डॉलरचं पडल्याचा उल्लेख होता. देशभर संताप उसळला. पुढच्याच महिन्यात महानिरीक्षकांनाच अहवाल दुरुस्त करावा लागला. हॉटेलच्या बिलावर लिहिलं होतं "मफिन", पण त्या रकमेत चहा-कॉफी, फळं, सेवाशुल्क आणि मुख्य म्हणजे बैठकीच्या दालनांचा वापर असं सगळं धरलेलं होतं. दालनांचं वेगळं भाडं घेतलंच नव्हतं.

मंत्रालयातला चहा आणि वॉशिंग्टनचं मफिन एकाच जातीचे आहेत. बिलावर एक शब्द, आत दहा गोष्टी. तपशील नसला की प्रामाणिक कार्यालयालाही स्वतःचा बचाव करता येत नाही, हा मुद्दा अधिकाऱ्यांनीही ध्यानात घ्यावा.

खरी उधळपट्टी पकडायची तर ती तपशिलातच सापडते. अमेरिकेच्याच सरकारी इमारती आणि खरेदी सांभाळणाऱ्या जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशनने ऑक्टोबर 2010 मध्ये लास व्हेगासजवळच्या एका रिसॉर्टवर सुमारे 300 जणांची परिषद घेतली. खर्च झाला 8 लाख 23 हजार डॉलरच्या घरात. एप्रिल 2012 मध्ये महानिरीक्षकांचा अहवाल आला, तेव्हा एकेक बाब उघडी पडली. मन ओळखण्याचे प्रयोग करणाऱ्या कलाकाराला 3,200 डॉलर. स्मरणार्थ नाणी पाडायला 6 हजारांहून जास्त. आणि परिषदेच्या आधी नुसती जागा बघायला, तयारी करायला अधिकाऱ्यांच्या आठ फेऱ्या, तिथेच एक लाखाहून जास्त डॉलर. शिवाय एक चतुराई अशी की फुकट जेवण द्यायला नियम आडवा येत होता, पुरस्कार सोहळ्यात मात्र जेवण चालत होतं, म्हणून पुरस्कार सोहळ्याचं निमित्त काढलं गेलं. संस्थेच्या प्रमुख मार्था जॉन्सन यांनी राजीनामा दिला. त्यानंतरच्या मे महिन्यात फर्मान निघालं: एक लाख डॉलरच्या वर खर्च असलेल्या परिषदेला वरिष्ठांची मंजुरी लागेल आणि तिचा तपशील दरवर्षी संकेतस्थळावर टाकावा लागेल, पाच लाखांच्या वरची परिषद खास सूट मिळाल्याशिवाय घ्यायचीच नाही.

टी.ए. बिल जवळून

आता परत आपल्याकडे, आणि मोठ्या परिषदांवरून खाली, एका साध्या प्रवास भत्ता देयकावर येऊ. सरकारी कर्मचाऱ्याचं टी.ए. बिल हा एक लांबट तक्ता असतो. मुख्यालयातून निघाल्याची तारीख आणि वेळ, पोहोचल्याची तारीख आणि वेळ, अंतर, प्रवासाचं साधन, भाडं, दैनिक भत्त्याचे दिवस, आणि एका कडेला प्रवासाचा हेतू. वेळेच्या रकान्याला यात फार वजन आहे. केंद्राच्या नियमांत मुख्यालयापासून 8 किलोमीटरच्या पलीकडे गेल्यावरच दैनिक भत्ता सुरू होतो. बाहेर राहण्याचा काळ सहा तासांच्या आत असेल तर 30 टक्के, सहा ते बारा तासांना 70 टक्के, बारा तासांच्या वर पूर्ण. त्यामुळे निघण्याची वेळ पावणेसहा की सव्वासहा, यावर हिशेब फिरतो आणि लेखाशाखा तो रकाना डोळ्यांत तेल घालून तपासते.

हेतूच्या रकान्यात मात्र "शासकीय कामकाज" किंवा "बैठकीस उपस्थिती" एवढंच लिहिलेलं चालून जातं. माझा सगळ्यात मोठा आक्षेप याच ठिकाणी आहे. तीस रुपयांच्या रिक्षाभाड्यावर आक्षेप निघतो, पण त्या फेरीतून काय निष्पन्न झालं, हे कुणी विचारत नाही.

दर ठरवण्याच्या पद्धतीतही बघण्यासारखं बरंच आहे. सातव्या वेतन आयोगानंतर केंद्राने जुलै 2017 मध्ये दौऱ्याचे दर ठरवले. वेतनस्तर 14 आणि त्यावरच्या अधिकाऱ्याला हॉटेलसाठी दिवसाला 7,500 रुपयांपर्यंत, स्तर 12-13 ला 4,500, स्तर 9 ते 11 ला 2,250, स्तर 6 ते 8 ला 750 आणि त्याखालच्यांना 450. महागाई भत्ता 50 टक्क्यांनी वाढला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात, अशी तरतूद आहे. तरीही विचार करा, मुंबईत कामासाठी आलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने साडेसातशेत, नाहीतर साडेनऊशेत, कुठे राहायचं? तो विश्रामगृहात खोली मिळते का बघतो, नातेवाइकाकडे उतरतो, नाहीतर रात्रीच्या गाडीने येऊन रात्रीच्या गाडीने परततो. वरच्या अधिकाऱ्याच्या पाचतारांकित खोलीवर बातमी होते, याची होत नाही.

हवाई प्रवासाचे नियम एअर इंडिया विकल्यावर बदलले. आधी केंद्राच्या कर्मचाऱ्याला सरकारी खर्चाने उडायचं तर एअर इंडियानेच जावं लागे, मग तिकीट महाग असलं तरी. जानेवारी 2022 मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि त्या जूनमध्ये नवे निर्देश निघाले. तिकीट बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स किंवा आयआरसीटीसी या तीन ठरवून दिलेल्या एजंटांकडूनच काढायचं, ठरलेल्या तीन तासांच्या टप्प्यातलं सगळ्यात स्वस्त निवडायचं, शक्यतो 21 दिवस आधी काढायचं, आणि 72 तासांच्या आत काढलं तर कारण लिहून द्यायचं. नियम चांगले आहेत. पण आदल्या दिवशी संध्याकाळी बैठकीचं पत्र निघालं तर 21 दिवसांचा नियम काय कामाचा?

गडचिरोलीच्या अधिकाऱ्याचंच घ्या. मुंबईत दोन तासांची आढावा बैठक लागते. तो आधी नागपूर गाठतो, तिथून रात्रीची गाडी पकडतो, सकाळी दादरला उतरतो, बैठकीला बसतो, पुन्हा रात्रीची गाडी, पुन्हा नागपूर, मग गडचिरोली. तीन दिवस जातात. या फेरीचं भाडं आणि भत्ता कुणाच्या प्रवास खर्चाच्या रकान्यातून, म्हणजे 11 मधून, जातो? त्याच्याच कार्यालयाच्या. बैठक ज्यांनी बोलावली, त्यांच्या वहीत एक पैचाही खर्च उमटत नाही. बोलावणाऱ्याला बैठक फुकट वाटते, म्हणून बैठका वाढतात. व्हिडिओ कॉन्फरन्सची सोय प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात असूनही हे घडतं, कारण खर्चाचा चटका चुकीच्या हाताला बसतो.

सरसकट कात्री

खर्च वाढल्याची ओरड झाली की सरकार एक ठरलेलं औषध काढतं: टक्केवारीने कपात. 2009 च्या सप्टेंबरमध्ये काटकसरीची अशीच एक लाट आली होती. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री एस. एम. कृष्णा आणि राज्यमंत्री शशी थरूर यांना पंचतारांकित हॉटेलं सोडावी लागली होती. स्वतःच्या खर्चाने राहत असल्याचं दोघांनीही सांगितलं होतं. 29 ऑक्टोबर 2014 ला केंद्रीय अर्थ मंत्रालयाने योजनेतर खर्चात 10 टक्के कपात सांगितली, पंचतारांकित हॉटेलांत परिषदा घ्यायला आणि विमानाच्या पहिल्या वर्गाने जायला बंदी केली, शक्य तिथे व्हिडिओ कॉन्फरन्स वापरायला सांगितलं. जून 2021 मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, टाळता येण्याजोग्या खर्चात 20 टक्के कपातीची सूचना निघाली आणि त्यात देशांतर्गत व परदेशी प्रवास होताच.

पंचतारांकित हॉटेलावरची बंदी मला पटते, सरसकट टक्केवारी पटत नाही. 11 (प्रवास) आणि 24 (पेट्रोल-डिझेल) या रकान्यांतून मंत्र्यांसोबत फिरणारा ताफा जातो, तसाच अवकाळीनंतर पंचनाम्याला शेतात जाणारा कृषी सहायकही जातो. धरणाच्या भिंतीची पाहणी करणारा अभियंता, दुधातली भेसळ तपासणारा अन्न निरीक्षक, वीटभट्टीवर बालमजूर शोधणारा कामगार अधिकारी यांचं काम म्हणजेच प्रवास. कात्री आली की वरच्या मजल्यावरचा दौरा अत्यावश्यक ठरतो आणि खालच्या माणसाच्या जीपचं डिझेल आटतं. अशा वर्षी प्रवास खर्च घटल्याचा तक्ता छान दिसतो. न झालेल्या तपासण्यांचा तक्ता कुणी काढत नाही.

या प्रश्नावर कॅनडाने एक साधा उपाय केला आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. तिथे प्रत्येक केंद्रीय खातं दरवर्षी प्रवास, आदरातिथ्य आणि परिषद शुल्क या तिन्हींचा एकत्र तक्ता जाहीर करतं. त्यात प्रवासाची फोड हेतूनुसार केलेली असते: प्रत्यक्ष क्षेत्रातलं काम, बाहेरच्या संबंधितांशी भेटी, खात्याच्या आतल्या बैठका, प्रशिक्षण, आणि इतर. तपासणीसाठी फिरलेला निरीक्षक पहिल्या ओळीत दिसतो, बैठकीसाठी उडालेला अधिकारी तिसऱ्या. मागच्या वर्षीपेक्षा आकडा बराच वाढला वा घटला तर का, हेही खाली लिहावं लागतं. याशिवाय मंत्री आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांची प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे जाहीर होते: तारीख, ठिकाण, हेतू, विमानभाडं, राहणं, जेवण. मेजवानी असेल तर किती सरकारी आणि किती बाहेरचे लोक जेवले, हेसुद्धा. 2003 पासून ही पद्धत धोरण म्हणून होती, 2019 मध्ये तिला कायद्याचा आधार मिळाला.

तिथे गैरप्रकार थांबले असं नाही. मंत्री बेव्ह ओडा 2011 मध्ये लंडनला परिषदेसाठी गेल्या, ठरलेलं हॉटेल सोडून महागड्या सॅव्हॉयमध्ये राहिल्या आणि 16 डॉलरचा संत्र्याचा रस प्याल्या. पुढच्या वर्षी कागद बाहेर आले तेव्हा त्यांनी वरचे पैसे परत भरले, माफी मागितली, आणि काही महिन्यांत राजकारण सोडलं. तिथे एक फेरी, एक हॉटेल आणि एक पेला हातात होता, म्हणून प्रकरण तडीस गेलं. आपल्याकडचा 3 कोटी 34 लाखांचा चहा तडीस गेला नाही.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो

खरं तर आपला कायदा या बाबतीत मागे नाही. माहितीच्या अधिकार कायद्याचं कलम 4 सांगतं की प्रत्येक कार्यालयाने आपली तरतूद आणि झालेला खर्च कुणी न मागता जाहीर करावा. केंद्राच्या कार्मिक विभागाने सप्टेंबर 2012 मध्ये आणखी स्पष्ट केलं: 1 जानेवारी 2012 पासूनचे मंत्र्यांचे आणि सहसचिव व त्यावरच्या अधिकाऱ्यांचे देशातले-परदेशातले दौरे जाहीर करावेत, त्यात दौऱ्याचं स्वरूप, ठिकाणं, कालावधी, शिष्टमंडळातली माणसं आणि एकूण खर्च असावा, आणि ही माहिती दर तिमाहीला अद्ययावत करावी. कॅनडाच्या तक्त्यातल्या बऱ्याच गोष्टी या एका परिपत्रकात आहेत. खात्यांच्या संकेतस्थळांवर "दौरे" असं पान शोधून बघा. कुठे ते भरलेलं असतं, कुठे वर्षानुवर्षं जुनी तारीख मिरवत असतं.

सामान्य वित्तीय नियमांतलं पहिलंच तत्त्व असं आहे की सार्वजनिक पैसा खर्च करताना अधिकाऱ्याने, साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जेवढी दक्षता घेतो, तेवढी घ्यावी. आणखी एक तत्त्व असं की भत्ता हा मिळकतीचं साधन होता कामा नये. पाहुणचार घेण्यालाही बंधन आहे. परदेशी संस्थेच्या खर्चाने बाहेर जायचं तर आमदार-खासदार, न्यायाधीश आणि सरकारी कर्मचारी यांना 2010 च्या विदेशी अंशदान कायद्याखाली गृह मंत्रालयाची परवानगी लागते.

कार्यक्रमांसाठी उचललेल्या आगाऊ रकमांकडेही लक्ष ठेवायला हवं. घाईचा खर्च असेल तर कार्यालय संक्षिप्त देयकावर कोषागारातून पैसे काढतं आणि तपशीलवार देयक नंतर द्यायचं असतं. हे "नंतर" लांबत जातं. महालेखापरीक्षकांच्या राज्याच्या वित्तव्यवस्थेवरच्या अहवालांत अशा थकलेल्या तपशिलांचा उल्लेख वारंवार येतो. पैसा खर्च झालेला असतो, फक्त कशावर हे सांगणारा कागद आलेला नसतो.

स्वतः बघायचं असेल तर

राज्याच्या बीम्स या संगणक प्रणालीवर विभागवार तरतूद आणि खर्च बघता येतो. तिथून सुरुवात करा, पण बेरजेवर थांबू नका. पुढची पायरी माहिती अधिकाराचा अर्ज. महाराष्ट्रात शुल्क 10 रुपये, आणि राज्याच्या नियमानुसार अर्ज 150 शब्दांत, एकाच विषयावर असावा लागतो. म्हणून "गेल्या पाच वर्षांचा सगळा प्रवास खर्च द्या" असं मागू नका. उत्तरात पुन्हा एक बेरीजच येईल. एक कार्यालय आणि एकच तिमाही निवडा. अधिकाऱ्याचं पद, तारखा, ठिकाण, हेतू, साधन, एकूण रक्कम अशी फेरीवार यादी मागा. कार्यक्रमाबाबत मागायचं असेल तर त्याचा मंजुरी आदेश, उपस्थितांची संख्या, जेवणाचा मंजूर दर आणि पुरवठादार निवडीची दरपत्रकं मागा. उपस्थिती आणि दर हे दोन आकडे हाती आले की बिलाचा खरेखोटेपणा तुम्ही घरी बसून तपासू शकता.

एक अडचण येईल. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या अपवादाची व्याप्ती वाढवली आहे, आणि टी.ए. बिल म्हणजे वैयक्तिक माहिती असं सांगून नकार मिळू शकतो. म्हणून नावं, बँक खाती, घरचे पत्ते मागूच नका. पद आणि फेरी पुरेशी आहे, कारण फेरी सरकारी कामाची होती आणि पैसा सरकारी होता. तरीही नकार आला तर कलम 8(2) वर बोट ठेवा. जनहित जास्त वजनदार असेल तर अपवादातली माहितीही देता येते, असं ते कलम सांगतं. पहिलं अपील नकार मिळाल्यापासून 30 दिवसांत, त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे करायचं असतं.